पुन्हा अंगठाच?

दोस्तांनो, आपल्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. सावकार म्हणाला, इथं ठेव. त्यानं ठेवला. तुकडा गेला, जनावर गेलं, पोरगा सालगडी म्हणून अडकला. त्या अंगठ्याचा डाग पुसायला दोन पिढ्या रात्रशाळेत गेल्या. गिरणीची पाळी संपवून आलेली माणसं डोळे ताणून पाटीवर अक्षरं गिरवत बसली. आणि आज आपण काय करतोय? मोबाइलच्या काचेवर सकाळपासून रात्रीपर्यंत अंगठाच उठवतोय. हा कागद कुणाचा, त्यावर काय लिहिलंय, आपलं काय काय गहाण पडलं, हे वाचायची एकालाही फुरसत नाही. ‘मला मान्य आहे’ म्हणून टिचकी मारली की साला झालं काम. आज्याला निदान वाचता येत नव्हतं. आपण तर शिकलेले!

गैरसमज नको. मोबाइल गटारात फेका आणि पुन्हा सायक्लोस्टाइलचं मशीन फिरवा, असलं रडगाणं गायला हा लेख लिहिलेला नाही. यंत्राची भीती आपल्या माणसाला कधीच नव्हती. रेल्वे आली तेव्हा आपण तिच्यात बसून गावकुसाबाहेरनं थेट मुंबईत आलो. गिरणी आली, गिरणीत शिरलो. पण गिरणीत काय झालं ते विसरू नका. यंत्र इंग्लंडचं, मालक नवा, पगार रोख, सगळं आधुनिक. तरी विणकाम खात्यात आपल्याला घेत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणून विटाळ! विणकामाला पगार जास्त आणि तिथंच नेमका आडवा आला धर्म. म्हणजे यंत्र नवं असतं, त्याच्यावर येऊन बसणारी जात जुनीच असते. गिरणीचं जे झालं तेच या मोबाइलचं होतंय का, एवढाच सवाल मला विचारायचाय.

आधी जमेची बाजू मोजू. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात पैसे मोजूनसुद्धा ‘केसरी’नं छापली नाही. फुकट नव्हती मागितली, पैसे देत होते! १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषणच रद्द केलं. त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. त्यावर गांधीजींनी ‘हरिजन’मधून सल्ला दिला की किंमत जास्त आहे, दोन आणे, फार तर चार आणे ठेवायला हवी होती. जातिव्यवस्थेचा मुडदा पाडणारं पुस्तक समोर, आणि चर्चा आठ आण्यांची. तरी दोन महिन्यांत आवृत्ती खलास झाली.

आज तेच पुस्तक कुठलंही पोरगं पानपट्टीवर उभं राहून फोनवर उघडतं. संपादकाच्या टेबलासमोर टोपी काढून उभं राहायला लागत नाही. ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असली पांढरपेशी चिठ्ठी परत येत नाही. ज्यांना शंभर वर्षं जाहिरातीचीही जागा मिळाली नाही, त्यांच्या खिशात आज छापखाना आहे. ही लहान गोष्ट नाही. तिला नावं ठेवणारा एक तर जन्मजात मालक असणार नाही तर मूर्ख.

आता दुसरी बाजू. २६ सप्टेंबर २००६ ला फेसबुक सगळ्या जगाला खुलं झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावानं मिळून मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. मोठमोठ्या पेपरांना ही नीट बातमी वाटायला महिना लागला. आपल्याच पोरांनी ईमेल, एसएमएस, फोटोच्या झेरॉक्स करून ती नागपूर, अमरावतीपासून मुंबईपर्यंत पोचवली. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठं सरकारला जाग आली, तीसुद्धा यामागे नक्षलवादी आहेत म्हणायला.

दहा वर्षांनी, ११ जुलै २०१६ ला, गुजरातमधल्या उन्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून उघडं करून लोखंडी पाइपांनी मारलं. त्याचा व्हिडिओ काढला कुणी? मारणाऱ्यांनीच! पसरवला कुणी? त्यांनीच. मर्दुमकी म्हणून. आणि एका दिवसात तो देशभर पोचला.

म्हणजे महिन्याचा प्रवास एका दिवसावर आला. टाळ्या वाजवायच्या? थांबा. उन्यात सरकार हललं ते व्हिडिओ किती लाख लोकांनी पाहिला म्हणून हललं का? तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं ट्रॅक्टरात भरून सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तुमची आई ना ही, मग तुम्हीच उचला! घाण वास सुटला तेव्हा व्यवस्थेला आपल्या श्रमाची किंमत कळली. मग ५ ऑगस्टला अहमदाबादहून माणसं चालत निघाली ती १५ ऑगस्टला उन्याला पोचली. व्हिडिओनं आग दाखवली. चटका दिला तो मेलेल्या जनावरांनी आणि चालणाऱ्या पायांनी.

आणि खैरलांजीचा निकाल? २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम काही लागलं नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप केली. अ‍ॅट्रॉसिटी तिथंही नाहीच. जात बघून मारलं, पण कोर्टाच्या कागदावर जात आली नाही. बातमी कितीही वेगानं धावली तरी एफआयआरमधलं कलम, पंचनामा, साक्षीदार या गोष्टी जुन्याच चालीनं चालतात. तिथं आपलं माणूस उभं नसेल तर लाखो अंगठे उठून काय उपटणार?

२ एप्रिल २०१८ ची गोष्ट घ्या. २० मार्चला सुप्रीम कोर्टानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. अटकेआधी परवानगी, गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी. तो खटला मूळचा आपल्या महाराष्ट्रातलाच, कराडच्या फार्मसी कॉलेजातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतनं निघालेला. त्या निकालाविरुद्ध भारत बंदची हाक कुठल्या एका पक्षानं दिली नव्हती, कुठल्या एका पुढाऱ्यानं दिली नव्हती. ती व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवरनं फिरली आणि उत्तर भारत ठप्प झाला. माणसं मेली, पोरं तुरुंगात गेली. ऑगस्टात संसदेला कायदा दुरुस्त करून अटकेचे दात परत बसवावे लागले. पुढं १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानंही आपले ते आदेश मागे घेतले. हा या माध्यमाचा विजय आहे, मी नाकारत नाही.

पण त्याच वेळी आणखी काय झालं? पंजाबात, राजस्थानात, मध्य प्रदेशात मोबाइल इंटरनेट बंद करून टाकलं. एका आदेशासरशी! ज्या रस्त्यावरनं आपण चालतोय तो रस्ता उचलून नेण्याचं बटण दुसऱ्याच्या टेबलावर आहे. आपण भिंतीवर घोषणा लिहिल्या तेव्हा चुना आपला, ब्रश आपला, फार तर भिंत कुणाची तरी. इथं चुनाही त्यांचा, ब्रशही त्यांचा, भिंतही त्यांची, आणि आपण काय लिहिलं याची नोंदवहीसुद्धा त्यांचीच. ती नोंदवही पोलिसही वाचतात.

आणि नुसती वाचतात एवढंच नाही, यंत्रात लिहिताही येतं. एल्गार परिषदेच्या खटल्यात रोना विल्सन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या लॅपटॉपची तपासणी करून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं मालवेअरनं बाहेरून आत घुसवलेली आहेत. तरी जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडलं. साडेसहा वर्षं! तेव्हा ‘माझा फोन, माझा आवाज’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी जरा दम खावा.

आता धंद्याचं बोलू, कारण धंदा कळल्याशिवाय मालक कळत नाही. फेसबुक तुमच्याकडनं पैसे घेत नाही. मग एवढी कमाई येते कुठनं? जवळपास सगळी जाहिरातीतनं. तुम्ही जितका वेळ काचेला चिकटून राहाल तितक्या जाहिराती तुमच्या डोळ्यांत घालता येतात. तुम्हाला चिकटवायचं कशानं? रागानं. २०२१ साली फेसबुकचे आतले कागद बाहेर आले. त्यातनं कळलं की २०१७ पासून रागाचा, प्रेमाचा, हसण्याचा असा कुठलाही चेहरा दाबला तर त्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. एक संताप म्हणजे पाच अंगठे! हा त्यांनी लावलेला भाव. रागानं खोटंनाटं जास्त पसरतं हे त्यांच्याच नोकरांना कळल्यावर वजन उतरवत आणलं आणि २०२० मध्ये रागाचं वजन शून्य केलं. भाव चढवणारे तेच, पाडणारे तेच. बाजारसमितीत कांद्याचं होतं तेच इथं आपल्या संतापाचं.

आपला संताप हा आपला एकमेव साठा आहे, गड्यांनो. बापजाद्यांनी इस्टेट ठेवली नाही, हा विस्तव तेवढा ठेवला. तो आपण रोज सकाळी थोडा थोडा यांच्या भट्टीत टाकतो. कुणीतरी फालतू माणूस बाबासाहेबांबद्दल वाकडं लिहितो, चार लोकांनीसुद्धा वाचलेलं नसतं. आपण त्याला शिव्या घालतो, स्क्रीनशॉट काढून फिरवतो, आणि ते चार लाखांना वाचायला लावतो. तो प्रसिद्ध, कंपनी श्रीमंत, आपण दमलेले. संध्याकाळी वस्तीत नळाच्या पाण्यावरनं खरं भांडण असतं, तिथं उभं राहायला अंगात त्राण नसतं.

आणि कुणाचं तोंड दाखवायचं, कुणाचं लपवायचं हेही तेच ठरवतात. टिकटॉकवर आपली किती पोरं-पोरी नाचली, गायली, नकला केल्या. पत्र्याच्या खोलीत, शेताच्या बांधावर. मार्च २०२० मध्ये ‘द इंटरसेप्ट’नं त्या कंपनीचे आतले नियम छापले. माणूस कुरूप दिसतो, घर गरिबाचं दिसतं, भिंतीला पोपडे आहेत, तर त्याला पुढं ढकलू नका! यंत्र चीनचं, पण विटाळ ओळखीचा वाटतो की नाही? तीन महिन्यांनी, २९ जून २०२० ला, सरकारनं टिकटॉकच बंद केलं आणि त्या पोरांनी जमवलेली माणसं एका रात्रीत गेली. भाड्याच्या जागेत घर बांधलं की असं होतं.

फोन खिशात असला म्हणजे माणूस सुटला असंही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित पोराला मारहाण झाली, त्यात त्याचा जीव गेला. फोन त्याचा, पैसे त्याचे, गाणं त्याचं. वाजवायचं की नाही हे ठरवणारे मात्र दुसरे.

आणि या यंत्रानं आपलीच माणसं मारली, तेही बघा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच भटकी माणसं, भिक्षा मागायला आलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आलीय. गर्दीनं त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठेचून मारलं. मारणारेही गरीबच, आदिवासी भागातले. मरणारे त्यांच्याहून गरीब. त्यांना ना गाव, ना वेस, ना ओळखीचा शिक्का. त्यानंतर कंपनीनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं मेली, मर्यादाही पाचची. तो निरोप पुढं ढकलणारा प्रत्येक अंगठा निर्दोष सुटला. त्यातले काही आपल्या वस्तीतलेही असतील. ‘आलं तसं पाठवलं’ हे वाक्य यापुढं चळवळीच्या पोराच्या तोंडात शोभत नाही.

शिक्षणाचं बोलू. शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडानं छापली. ते खंड दुकानात मिळेनात म्हणून लोक वणवण फिरले. छपाई रखडली म्हणून २०२१ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आता त्या खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहेत. फुकट! मग आपल्या फोनमध्ये काय असतं? बाबासाहेबांचा निळा फोटो, खाली एक वाक्य. त्या वाक्याला ना खंड, ना पान, ना साल. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पत्ता नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पुरावा दिल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, त्याच्या नावावर आपण बिनपुराव्याची वाक्यं खपवतो. उद्या शत्रू त्याच वाटेनं येऊन त्यांच्या तोंडी आरक्षण सोडा, धर्मांतर चूक होतं असलं काहीही घालील, आणि आपण गुलाबाच्या फुलासकट पुढं पाठवू. भक्ती करायला पोथी न वाचता चालतं. विद्यार्थ्याला चालत नाही.

बोलणं तर पार बिघडलं. पूर्वी चाळीच्या गॅलरीत भांडण व्हायचं, संध्याकाळी तीच माणसं एका चहात बुडालेली असायची. तोंड समोर होतं, म्हणून शब्दाला लगाम होता. आता गटातटाचं राजकारण फोनात शिरलं. प्रत्येक पुढाऱ्याचा वेगळा ग्रुप, प्रत्येक ग्रुपवर दादांच्या वाढदिवसाचा बॅनर, आणि एक पोरगं सरळ प्रश्न विचारतं तर त्याला ‘रिमूव्ह’! ही कुठली लोकशाही? गावानं वाळीत टाकलेली माणसं आपण, आणि हाताखाली बटण आलं की लगेच दुसऱ्याला वाळीत टाकायचं सुख घेतो.

बायांचं विचारूच नका. ग्रुपमध्ये बाया बोटावर मोजण्याइतक्या. एखादीनं तोंड उघडलं की आपलेच क्रांतिकारक रात्री तिच्या इनबॉक्समध्ये जातात. ती चिडली तर तिच्याच चारित्र्यावर पोस्ट. बाहेरचा सनातनी तिला जातीवरनं शिवी देतो, आतला कॉम्रेड बाईपणावरनं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेला आपल्या हजारो बाया आल्या होत्या. इंटरनेट नव्हतं. त्यांना तिथं माणूस म्हणून बसता येईल याची खात्री होती, म्हणून आल्या. आज ती खात्री आपल्या किती ग्रुपवर आहे?

मग करायचं काय? उपदेश नको, काम सांगा, असं म्हणाल. सांगतो.

एक. शिवी ऑनलाइन आली तर ती गुन्हा आहे. २०२२ साली केरळ हायकोर्टानं सांगितलं की इंटरनेटवर जातीवरनं केलेला अपमानही अ‍ॅट्रॉसिटीत बसतो. तेव्हा उलट शिवी देऊन कंपनीचा धंदा वाढवण्याआधी तारीख, वेळ, पूर्ण पत्ता, खात्याचं नाव सगळं टिपा. मूळ फोन जपा, साफ करू नका. नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट समोरचा वकील उडवून लावतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. आधी ते कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नसतो आणि ६० दिवसांत आरोपपत्र यायला हवं. हे पोलिसाला तोंडावर सांगता येणारी दोन पोरं प्रत्येक वस्तीत तयार झाली पाहिजेत.

दोन. मोर्चातल्या माणसांचे, विशेषतः पोरींचे, उघडे चेहरे टाकू नका. तुमचा सेल्फी हा पोलिसांच्या फायलीतला फुकटचा कागद आहे.

तीन. आठवड्यातनं एकदा विहारात किंवा गच्चीवर बसा. एक खंड उघडा, फोनवरच उघडा, आणि एकानं मोठ्यानं वाचा. शेवटी भांडा. तोंडासमोर भांडा. ज्या वाक्याला खंड आणि पान नाही ते फिरवणाऱ्याकडनं चहाचे पैसे वसूल करा.

चार. वस्तीतल्या माणसांचे पत्ते आणि नंबर कागदाच्या वहीत लिहून ठेवा. नेट बंद झालं, खातं बंद झालं, कंपनी विकली गेली तरी वही राहते. ट्विटर २०२२ मध्ये एका माणसानं विकत घेतलं आणि २०२३ मध्ये त्याचं नावसुद्धा बदललं. आपल्याला विचारलं होतं का?

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधे जवळजवळ सोळा वर्षं. घरं जळली, माणसं मेली, लाँग मार्च निघाले, पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं मोर्चात आली. हॅशटॅग किती दिवस टिकतो? तीन? चार? नंतर क्रिकेटची मॅच लागते.

तो टिकावा म्हणून नुसती बोटं आपटून उपयोग नाही. पोस्ट म्हणजे दवंडी. दवंडी पिटणं हे काम आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या होतं, आपल्याला ते कुणी शिकवायची गरज नाही. पण दवंडी पिटून झाली की गाव घरात बसून टाळ्या वाजवत नसतं, चावडीवर जमतं. तेव्हा पोरा, आजचं लिहून झालं असेल तर फोन खिशात घाल आणि चपला चढव. कोर्टात अकराची तारीख आहे, आणि साक्षीदार म्हातारी एकटी बसलीय.